वडवणीचं पाकीट

अण्णा, काल तुमचं पाकीट आलं. चार वर्षांनी आलं.

तेच खाकी पाकीट, निळ्या बॉलपेनातली तीच डावीकडे कललेली अक्षरं, कोपऱ्यात 'गिरिजा फोटो, वडवणी' हा अर्धाच उमटलेला शिक्का. फरक इतकाच, की या वेळी ते सकाळच्या बसच्या कंडक्टरने आणून टाकलं नव्हतं. एका तरुण बाईने काउंटरवर ठेवलं. मी आत मशीनपाशी होते. तिथूनच अक्षर ओळखलं आणि मनात म्हटलं, आली स्वारी शेवटी ताळ्यावर. मला हसू आलं. खरं सांगते, मी जिंकल्यासारखी हसले आणि ते हसू तोंडावर घेऊनच बाहेर आले.

"अण्णा गेले," ती म्हणाली. "आज नऊ दिस झाले. परवा अकराव्याला गणाराधनेचं जेवन हाय. तितं ठिवायला त्यांचा फोटो पायजे."

तोंडावरचं हसू पटकन कुठे लपवता येत नाही, अण्णा. ते तसंच राहिलं थोडा वेळ. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमी त्यांच्या कोन?"

"मी गिरिजा."

मी तिला ओळखलं नाही. बारा वर्षांची असल्यापासून मी हिचे फोटो छापले. पहिली साडी, शाळेचं गॅदरिंग, कपिलधारची यात्रा, दहावीच्या फॉर्मवरचा फोटो. प्रत्येक रोलच्या शेवटी दोन-तीन फोटो उरले की ते तुम्ही तिच्यावरच संपवायचात. शेकडो वेळा जो चेहरा माझ्या हाताखालून गेला तो समोर येऊन उभा राहिला, तर मी विचारते, तुमी कोन. यातली मेख फक्त तुम्हालाच कळली असती. म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे.

आपली ओळखच मुळी पाकिटावरची. बीडला कलर लॅब निघाली तेव्हा मी तिथे निगेटिव्ह कापून पाकिटात भरायला लागले होते. पहिला ऑपरेटर सहा महिन्यांत पुण्याला पळाला आणि मालकाने नाइलाजाने मला मशीनवर बसवलं. तुम्ही वडवणीहून रोल पाठवायचात आणि पाकिटावर सूचना लिहायचात. मशीन चालवणारा बाप्याच असणार हे तुम्ही गृहीत धरलं होतं. 'मास्तर, फेटा गुलाबी न्हाई, भगवा हाय.' 'मास्तर, म्हाताऱ्याला एकच डोळा हाय, निगेटिवला डाग पडला समजू नका.' 'मास्तर, बैल पांढरा हाय, पिवळा करू नका, मालक तापट हाय.' मी त्याच पाकिटावर खाली उत्तर लिहून परत पाठवायची. 'बैल पांढरा केला. मालक निळा पडला. दोघांतलं एक निवडा.'

वर्षभर असं चाललं. मग एकदा तुम्ही स्वतः आलात. पायात चपला नव्हत्या, बसमध्ये कुणीतरी घालून गेलं म्हणालात. काउंटरवर कोपर टेकून विचारलंत, "मास्तर कुटं हायेत?"

"मीच."

तुम्ही माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. तुम्ही म्हणालात, "मंग बराबर हाय. बाप्यानं बैलाच्या रंगाचा इतका इचार केला नसता." आणि त्यानंतरही पाकिटावर 'मास्तर'च लिहीत राहिलात. पुढे लॅबमधली पोरंही मला मास्तर म्हणायला लागली. माझं शोभा हे नाव आता फक्त रेशनकार्डावर आहे, तुमच्या कृपेने.

तुम्ही इतर स्टुडिओवाल्यांसारखे नव्हता हे मला एका गोष्टीवरून कळलं. रंगात आणि उजेडात मी काय फिरवलं त्याचे आकडे फोटोच्या पाठीवर फिकट छापून येतात. तीन रंगांचे तीन, आणि उजेडाचा चौथा. गिऱ्हाईक कधी फोटोची पाठ बघत नाही. तुम्ही आधी पाठ बघायचात. तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून तुम्ही ते आकडे लावले होते. दुसऱ्या पाकिटावर लिहून यायचं, 'मास्तर, सरपंचाला एक नंबर जादा उजळ केलं. मत दिलंय का त्याला?' मी एकटी बसल्या बसल्या हसायची. मालक विचारायचे, काय झालं. काय सांगणार?

कपिलधारच्या यात्रेत भेटलो ते आठवतं? मी शेजारणींबरोबर आले होते. तुमचा तंबू धबधब्यापासून तीसेक पावलांवर होता आणि आत तुम्ही धबधब्याचाच रंगवलेला पडदा लावला होता. खरा धबधबा मागे कोसळतोय आणि माणसं रांग लावून कापडावरच्या धबधब्यापुढे उभी राहताहेत. मी म्हटलं, "अण्णा, ही काय थट्टा हाय?" तुम्ही म्हणालात, "खऱ्यापाशी अंधार लई, आन् कॅमेऱ्यावर पानी उडतंय. शिवाय लोकायला हाच आवडतो, खरा म्हनं लई गढूळ हाय." मग म्हणालात, "मास्तर, उबं ऱ्हा, तुमचा एक काढतो." मी नको म्हटलं. तुम्ही विचारलंत, "कावून?" मी म्हटलं, "माझं मशीन मला म्हाइत हाय." तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. त्या दिवशी तुम्ही मला वडवणीला यायचं आवतन दिलंत. बाजाराच्या दिवशी या, गिरिजाला भेटा, ती तुमची पाकिटं पाठ करते. त्यानंतर दर दिवाळीला आवतन दिलंत. एका तासाचा तर रस्ता. मी नाही आले. कामं होती असं मी तेव्हा म्हणायची. आता आठवून बघते तर एकही काम आठवत नाही.

आता त्या फोटोकडे येते. टाळून चालणार नाही.

लग्नाचे रोल आले की तुमची एक सूचना ठरलेली असायची. 'नवरी दोन नंबर उजळ.' तुमचीच नाही, गेवराईचा, माजलगावचा, सगळ्यांचीच. काही लिहिलं नसलं तरी ते धरूनच चालायचं. नवरी म्हटली की माझं बोट आपोआप उजेडाच्या कळेवर दोनदा पडायचं. सवयच ती, त्यात विचार नव्हता. अख्ख्या जिल्ह्याच्या भिंतींवर मी उजळलेल्या नवऱ्या आहेत.

त्या वर्षी तुमचं एक पाकीट आलं. 'मास्तर, शेवटचे चार फोटो घरचे हायेत. सवडीनं करा.' मी सवडीने बघितले. गिरिजा, गुलाबी साडी, निळा पडदा, हात कुठे ठेवायचे ते कळत नसलेली. दाखवायचा फोटो आहे हे मला सांगावं लागलं नाही. तो फोटो कसा दिसतो ते मला आतून माहीत आहे.

आणि आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते. माझाही असा फोटो होता. काळा-पांढरा. बापाने स्टुडिओवाल्याला सांगून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गाल उजळ करून घेतले होते. तो फोटो घेऊन मध्यस्थ फिरायचा. अकरा ठिकाणची माणसं आली, पोहे खाऊन गेली. कुणी वाईट बोललं नाही. फक्त परत कुणी आलं नाही. मला त्याचं आता काही वाटत नाही, असं मी म्हणत असते. पण त्या दिवशी तुमच्या पोरीचे ते न सुचलेले हात बघितले आणि मला वाटलं, हिचं तरी जमावं. माझ्या हातात मशीन आहे, माझ्या बापाकडे नुसती पेन्सिल होती. मी दोन नाही, चार नंबर उजळ केली. पिवळेपणा काढला, गालावर जरा गुलाबी आणली. फार सुंदर फोटो आला, अण्णा. मीच बराच वेळ बघत बसले.

महिन्याने तुम्ही आलात. बसल्याबरोबर पाणीसुद्धा घेतलं नाहीत. खिशातून तो फोटो काढला, उलटा करून काउंटरवर ठेवला आणि चौथ्या आकड्यावर बोट टेकवलं.

"हे कुनी सांगितलं हुतं?"

मग तुम्हीच सांगितलंत. केजकडची माणसं आली होती. गिरिजा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. पोराच्या मामाने खिशातून फोटो काढला, तिच्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि अगदी सरळ मनाने म्हणाला, "ही धाकटी का? थोरलीला बलवा की." तुम्हाला एकच पोरगी. गिरिजाने ट्रे खाली ठेवला आणि आत गेली.

तेव्हा मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी काय म्हणाले ते मला शब्दनशब्द आठवतं. "अण्णा, सात वर्सं तुमीच लिहिता की, नवरी दोन नंबर उजळ. त्या काय कुनाच्या लेकी नव्हत्या?"

तुम्ही त्या आकड्यावरचं बोट उचललंत. मग म्हणालात, "खरं हाय." फोटो खिशात घातला आणि उठलात. दारात थांबून एवढंच म्हणालात, "तुमचा दोष न्हाई, मास्तर. तुमी मानूस कुटं बघता, तुमी फकस्त फोटो बघता." रागाने बोलला असतात तर मी दोन दिवसांत विसरले असते.

मग पाकिटं थांबली. मला वाटलं रुसलात, येतील महिनाभरात. दोन महिने झाले, तीन झाले. सकाळची वडवणीची बस लागली की मी अजूनही दाराकडे बघायची. कंडक्टर दुसऱ्याच कुणाची पार्सलं टाकून जायचा. एक दिवस लॅबचा फोन वाजला आणि पलीकडून तुमचा आवाज. "मास्तर, कान्पुटर आनलाय. पुन्याच्या पाव्हन्यानं डिजिटल कॅमेरा दिला आन् घरीच छापायचं मशीन. आता बघा."

त्यानंतरचं आपलं वर्षभराचं भांडण हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भांडण होतं. तुम्ही आठवड्यातून एकदा फोन करायचात आणि 'कशा हायेत' वगैरे काही न विचारता सुरू करायचात. म्हणायचात, गिऱ्हाईक शेजारी बसवतो, फोटो निघाला की त्याच्या गालाला लावून बघतो, जमला नाही तर परत काढतो. तुमची लॅब असं करील का? मी म्हणायची, दिवसाला पाचशे फोटो करायचेत मला, मी काय एकेकाचा गाल धरून बसू? तुम्ही म्हणायचात, तेच तर. मी म्हणायची, लाइट गेली की तुमचा नवरदेव कमरेपर्यंतच छापून राहतो ते सांगा की. ते खरंच झालं होतं, मला तुमच्याच गावच्या एका बाईने सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "लाइट आल्यावर खालचा अर्धा निघाला. जोड दिसत पन न्हाई." मी इतकी हसले की मालकांनी फोन ठेवायला लावला.

तुमची गिऱ्हाइकं कमी होत होती हे मला कळत होतं. आहे तसं दिसायला कोण येतं, अण्णा? लोक म्हणायचे, वडवणीला जाऊ नका, तिथला अण्णा काळं करून देतो. बायका पोरी घेऊन बीडला यायला लागल्या आणि त्यांचे फोटो माझ्याच मशीनमधून निघायला लागले. मी त्यांना उजळ करत होते. तुम्हाला सांगितलं नाही, पण दोनऐवजी एकच नंबर करत होते. तेवढंच बदलले मी.

आणि मग तो फोन. तुम्ही खूश होतात. घरी छापलेला गिरिजाचा फोटो बघून धारूरचा एक शाळामास्तर मुलगा आला होता, तिला बघून म्हणाला, फोटोतलीच हाय, आणि जमलं. तुम्ही ते मला सगळ्यांत आधी सांगायला फोन केला होता. आणि मी काय केलं? मला आनंद झाला, देवाशपथ झाला. पण त्या आनंदाच्या आधी दुसरंच काहीतरी तोंडातून बाहेर पडलं. मी म्हटलं, "त्या शाईला ऊन सोसत न्हाई, अण्णा. आमचा कागूद जन्मभर टिकतो. तुमची गिऱ्हाइकं दोन-तीन वर्सांत भुतावानी दिसतील बघा. पोरीसकट."

तुम्ही 'बरं' म्हणालात. फोन आपटला नाहीत, हळू ठेवलात. 'पोरीसकट' हा एक शब्द मला परत घेता आला असता तर मी काय वाटेल ते दिलं असतं. मी का बोलले ते मला माहीत आहे. तुम्ही एका पोरीला जशी आहे तशी दाखवून उजवली होती आणि मला आयुष्यभर वाटत आलं होतं की तसं होतच नसतं.

लग्नपत्रिका आली. कोपऱ्याला हळद, वर तुमचं अक्षर, 'मास्तर, सहकुटुंब.' माझं कुटुंब म्हणजे मी. नवी साडी काढून ठेवली होती, सकाळची बस सुटताना स्टँडवरही गेले होते. मग परत फिरले. गिरिजासमोर काय तोंड घेऊन उभी राहणार होते? त्यानंतर ना तुमचा फोन, ना माझा. तीन वर्षं. मी रोज म्हणायची, उद्या करू. तुम्ही असणारच हे मी इतकं धरून चालले होते.

काल गिरिजाने सगळं सांगितलं. सकाळी दुकान उघडलंत, शटर अर्धं वर केलंत आणि तिथेच बसलात. पाणी आणेपर्यंत संपलं होतं. पाकीट टेबलाच्या खणात होतं, वर सूचना लिहून, आत सीडी घालून तयार. दिवाळीपासून तसंच पडलं होतं, ती म्हणाली. दर सोमवारी म्हणायचे, उद्या बीडला मीच घेऊन जातो, कंडक्टरच्या हाती नको. म्हणजे तुम्हीही 'उद्या' म्हणत होतात, अण्णा. शेवटी पाकीट गिरिजाने आणलं.

मी ते हातात घेऊन वाचलं.

'मास्तर, घरच्या शाईनं घात केला. लग्नाच्या अल्बमात गिरिजा दर वर्साला उजळ होत चाललीय. तुमच्या कागदावर करा. सावळी हाय, सावळीच राहू द्या.'

तिने अल्बमही आणला होता. मी उघडला. खरंच, सगळे रंग उडून पोर गोरी झाली होती, फिकट गुलाबी. जे मी चार कळा दाबून केलं तेच तुमच्या शाईने तीन वर्षं घेऊन केलं. मी जिंकले होते. इतकी वाईट गोष्ट मी आजवर जिंकलेली नाही.

मी गिरिजाला आत बोलावलं. मशीनच्या खोलीत गिऱ्हाइकाला घेत नाहीत, मालकांचा नियम आहे. मालकांनी बघितलं आणि परत हिशेबाच्या वहीत मान घातली. तिला माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसवलं. आता आमचंही रोलचं मशीन गेलं, सीडीवरूनच छापायचं मशीन आलं. पण कळा त्याच आहेत आणि पाठीवर आकडे अजून येतात. पहिला फोटो काढला, ओला-कोरडा तसाच घेऊन तिला दाराशी उजेडात नेलं आणि तिच्या गालाला लावला. नाही जमला. मशीन आपलं आपणच सावळं तोंड उजळतं, त्याला वाटतं काहीतरी चुकलंय. दुसरा काढला, तो तांबूस झाला. तिसरा काळवंडला. इतकी वर्षं मशीनवर बसते, पण माणूस आहे तसा काढायला किती खटपट लागते ते मला काल कळलं. तुम्ही हे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी करत होतात. गिरिजा न कंटाळता गाल पुढे करत होती, तिला सवय होती. सहाव्या फोटोला ती म्हणाली, "हां. ही मी." मीही बघत होते. तिचा रंग ताज्या गुळासारखा आहे, अण्णा. तुम्ही कधी लिहिलं नाहीत.

मग गिरिजाने वेगळ्या सीडीवर आणलेला तुमचा काढला. घरच्या प्रिंटरपुढे बसलात, हातात नुकताच निघालेला फोटो, आणि त्याची पाठ बघताय. घरच्या कागदाच्या पाठीवर काही नसतं, तरी बघताय. तो मला पहिल्याच खेपेला जमला. तुमचा रंग मला माहीत होता.

फोटो वाळेपर्यंत मी तिला सांगितलं. तो फोटो, चार नंबर, केजची माणसं, सगळं. म्हटलं, ती चूक माझी होती, तुझ्या बापाला मी उलटं बोलले आणि तुझ्या लग्नालाही आले नाही. सांगताना मला रडू आलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, फोटो मोजत राहिले.

"मला म्हाइत हाय की," गिरिजा म्हणाली. "तो फोटो अजून घरात हाय. आईला लई आवडतो, तिनं फ्रेम करून लावलाय. अण्णा पैल्यांदा लई चिडले. मंग चेष्टाच सुरू झाली त्यांची. पाव्हने आले की म्हनायचे, केजचा मामा चुकला, ही आमची थोरली, आन् ती भिंतीवरची धाकटी."

मी हसले असेन. मग ती पुढचं बोलली.

"कुनी इचारलं, अण्णा, तुमाला तर एकच लेक, मंग ही धाकटी कुनाची? तर म्हनायचे, ती मास्तरांची. बीडला असतात त्या. येतील एक दिवस तिला बघायला."

अण्णा, तुम्ही हे मला फोनवर का नाही सांगितलंत? चार वर्षं माझी लेक तुमच्या भिंतीवर होती आणि मी इथे सकाळच्या बसकडे बघत बसले होते. मी तुमच्यावर रागावले आहे. आता हे भांडण पुरं करायला तुम्ही नाही, तर एकटीने किती दिवस रागावू तेही सांगून जायला हवं होतंत.

गिरिजाला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं. तिला म्हटलं, फोटो चांगले वाळू दे. नवऱ्याची बदली वडवणीलाच झाली आहे, दुकान तीच चालवणार आहे म्हणाली. निघताना म्हणाली, "आत्या, आलात की तुमचा एक फोटू काढते. गालाला लावून." मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

उद्या गणाराधना आहे. सकाळच्या वडवणीच्या बसने निघते. लग्नाला काढून ठेवलेली साडी अजून तशीच आहे, तीच नेसेन. फोटो पाकिटात घातले आहेत, तुमच्याच. वर तुमची सूचना आहे आणि खाली माझ्या उत्तराची जागा रिकामी होती. मघाशी ते लिहिलं.

'अण्णा, सावळी आली. या खेपेला पाकीट मी स्वतः आणते. थोरलीला बघितलं, आता धाकटीला बघायला येते. — मास्तर.'